आगाशे डॉक्टरांचं हिरवं पिस्तूल

निहार आणि इरा,

गेल्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर निहारने एक बातमी दिली. ह्यूस्टनमध्ये त्याच्या मित्राच्या वडिलांना रोज अंगावर, पण कोणाला दिसणार नाही असं बाळगायला एक छोटं पिस्तूल घ्यायचं आहे, आणि ते फार दिवस एकाच प्रश्नाने बेजार आहेत: इतकी लहान वस्तू वर्षानुवर्षं टिकेल का, आणि ऐन वेळी चालेल का? मग निहारने विचारलं, "आजी, तुझ्या ओळखीत असं कोणी होतं का?" त्यावर तुमची आई मागून म्हणाली, "अरे, आजी वॉटफर्डमध्ये राहते. तिकडे साध्या पोलिसाकडेसुद्धा पिस्तूल नसतं." सगळे हसले आणि विषय तुमच्या फुटबॉलकडे गेला.

प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. मला प्रश्न अर्धवट सोडलेले आवडत नाहीत, म्हणून लिहिते. उत्तर 'हो' असं आहे. आमच्या शेजारचे डॉक्टर आगाशे वर्षानुवर्षं ब्लेझरच्या आतल्या खिशात पिस्तूल लपवून हिंडत. बँकेत, लायब्ररीत, लग्नात, आणि एकदा विमानतळावरसुद्धा. ते साबणाच्या वडीएवढं होतं, आरपार दिसणाऱ्या हिरव्या प्लॅस्टिकचं, आणि त्यातून पाणी उडायचं. पण ते टिकेल का आणि ऐन वेळी चालेल का, ही काळजी त्यांनी जितकी केली तितकी निहारच्या मित्राचे वडील सात जन्मांत करणार नाहीत.

डॉक्टर आता न्यूझीलंडला मुलीकडे राहतात, म्हणून मी 'होते' लिहीत असले तरी ते खुशाल आहेत. मी लिहिते आहे ते वॉटफर्डचे आगाशे डॉक्टर.

आम्ही या घरात आलो त्या आठवड्यातली गोष्ट. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते. टाय, ब्लेझर, चकचकीत बूट. कुठल्या तरी मीटिंगला निघाले असावेत असं वाटलं. समोर पक्ष्यांच्या दाण्यांचा पिंजरा टांगलेला होता आणि त्याला एक करडी खार उलटी लटकून दाणे खात होती. गृहस्थांनी शांतपणे ब्लेझरमध्ये हात घातला, पिस्तूल काढलं, एक डोळा मिटला आणि चाप ओढला. खार भिजली, खाली पडली, आणि त्यांच्याकडे अशा नजरेने पाहून गेली की मला तिचीच बाजू पटली.

मी हातातली उशीची खोळ छातीशी धरली होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "घाबरू नका वहिनी. पाणी आहे. उकळून गार केलेलं."

"खारीसाठी उकळलेलं?" मी विचारलं.

"खारीसाठी नव्हे, पिस्तुलासाठी. आपल्या भागातलं पाणी फार जड. तुमची किटली आतून बघा. जे किटलीला होतं ते नळीला होणार नाही का?"

मी घरात जाऊन किटली पाहिली. तळाशी पांढरा थर होता. माणूस वेडा असेल, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुढची सगळी वर्षं त्यांच्याबद्दल माझं हेच मत राहिलं.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. जन्मभर इथल्या हॉस्पिटलात काम करून निवृत्त झालेले. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा एक नियम असतो, तो त्यांनीच मला सांगितला. रोज सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी भुलीचं यंत्र स्वतः तपासायचं. काल चाललं होतं, म्हणून आज चालेल असं धरायचं नाही. नळ्या बघायच्या, गळती बघायची, आणि हे सगळं बंद पडलं तर हाताशी दुसरं काय आहे तेही बघायचं. निवृत्त झाल्यावर यंत्र गेलं, पण सवय कुठे जाते? ती पिस्तुलावर आली.

रोज न्याहारीच्या आधी, बाथरूमचं दार लावून, ते पिस्तूल तपासत. कालचं पाणी ओतून टाकायचं. उकळून गार केलेलं ताजं भरायचं. बूच घट्ट लावून टिश्यूवर ठेवायचं आणि दाढी होईपर्यंत टिश्यू कोरडा राहतो का ते बघायचं. दर शनिवारी व्हिनेगरने आतून धुवायचं. त्यामुळे शनिवारी डॉक्टरांना सॅलडचा वास येई. आणि सगळ्यात महत्त्वाचे ते कोरे बार. पिस्तुलात नवीन पाणी भरलं की नळीत हवा राहते, त्यामुळे सुरुवातीला दोनदा चाप ओढला तरी काहीच उडत नाही. तिसऱ्या वेळी पाणी येतं. "हे दोन कोरे बार बाथरूममध्येच उडवून टाकायचे," ते बोट उंचावून सांगत. "शत्रूसमोर पहिल्याच दाबाला पाणी आलं पाहिजे. शत्रू काही थांबत नाही हो वहिनी."

"नवीन घ्या की," मी एकदा म्हटलं. "दुकानात टोपलीभर मिळतात."

ते मनापासून दुखावले. "नव्याचं कसलं कौतुक? नवं चालणारच. एकदा चाललं तर तो योगायोग. रोज चाललं तर ते यंत्र." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. लॉनमोअर, बायपासची बस, इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, सगळ्यांना ते हीच कसोटी लावत. सेक्रेटरी योगायोगात जमा होते.

आता शत्रू कोण, ते सांगते. खार नव्हे, खार म्हणजे नुसता सराव. शत्रू म्हणजे त्यांची नात रेवा.

रेवा सहा वर्षांची असताना तिचे आईबाबा न्यूझीलंडला गेले. त्याआधीचे सगळे उन्हाळे ती इथेच असायची, आणि आजोबा आणि ती बागेत पाण्याची लढाई करायचे. जायच्या दिवशी तिने आपलं हिरवं पिस्तूल आजोबांच्या हातात दिलं. सुलभाताई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, मला त्या पोरीची नक्कल करून दाखवायच्या. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, "आजोबा, हे तुझा. माझ्याकडे ऑरेंज आहे. मी परत येणार आणि अटॅक करणार. कधी ते नाही सांगणार. रेडी राहायचा!"

दुसरा कोणी आजोबा असता तर हसला असता आणि ते पिस्तूल कपाटात गेलं असतं. पण ज्या माणसाला आयुष्यभर 'तयार राहा' हे एकच काम होतं, त्याला हे सांगितलं गेलं. हल्ला कोणत्याही दिवशी होऊ शकतो, म्हणून पिस्तूल रोज जवळ हवं. हल्ला अचानक होणार, म्हणून ते दिसता कामा नये. आणि पिस्तूल तेच हवं, कारण बदललं तर ती ओळखेल. यात चूक काढून दाखवा. मला जमलं नाही.

वर्षं जात राहिली. रेवा काही येईना. कधी तिकडच्या शाळेच्या सुट्ट्या जुळत नव्हत्या, कधी बाळ झालं, कधी जगानेच विमानं बंद केली. डॉक्टर रोज टिश्यू कोरडा आहे का ते बघत राहिले.

सुलभाताईंना हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. "सत्तरीचा माणूस, खिशात खेळणं घेऊन वॉटफर्डभर फिरतो. कोणी पाहिलं तर?" त्यांचा हुकूम होता की पिस्तूल अभ्यासिकेच्या ड्रॉवरमध्ये राहील. डॉक्टर 'बरं' म्हणाले आणि पिस्तूल ब्लेझरमध्ये गेलं. म्हणजे आख्ख्या इंग्लंडमध्ये ते लपवायचं होतं ते पोलिसांपासून नव्हे, बायकोपासून. खारींचा समाचारसुद्धा मंगळवारी आणि गुरुवारी, सुलभाताई योगाच्या क्लासला गेल्यावरच घेतला जाई. खारींनाही ते वेळापत्रक पाठ झालं होतं. बुधवारी त्या अगदी आरामात जेवत.

या गुप्ततेची किंमत डॉक्टरांनी मोजली ती हाउन्सलोच्या एका लग्नात. आपल्या लोकांचं लग्न, म्हणजे हॉलमध्ये निम्मे डॉक्टर. मंगलाष्टकं चालू होती. सगळे अक्षता घेऊन उभे होते. आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पिस्तुलाच्या बुचाचा वॉशर गेला. पाणी आतल्या खिशातून शर्टात आणि शर्टातून खाली उतरलं. शेवटच्या 'सावधान'ला डॉक्टरांच्या करड्या पँटवर समोरच्या बाजूने, सगळ्यांना दिसेल असा, मोठा ओला डाग होता.

मी शेजारीच होते. मला कळलं काय झालं ते. पण बाकीच्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. समोरून सुलभाताई येत होत्या.

"अहो, हे काय?"

डॉक्टरांपुढे दोन रस्ते होते. खिशातून पिस्तूल काढून दाखवायचं, किंवा मान खाली घालायची. त्यांनी एक क्षण विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "वय झालं गं."

झालं. पंगतीत एक युरॉलॉजिस्ट त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सर, यात लाजण्यासारखं काही नाही." दुसरे जिलबी वाढून घेता घेता म्हणाले, "रात्री किती वेळा उठावं लागतं?" डॉक्टरांनी प्रामाणिकपणे "एकदाही नाही" म्हटलं, तर ते मान हलवून म्हणाले, "डिनायल. कॉमन आहे." पुढे रीतसर अपॉइंटमेंट आली. डॉक्टर गेले, सगळ्या तपासण्या करून घेतल्या, पण पिस्तुलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला म्हणाले, "प्रोस्टेट उत्तम आहे. वॉशर बदलला."

मी तेव्हा मनात म्हटलं होतं, की दर रविवारी नवऱ्याच्या ब्लेझरला ब्रश करणारी, खिसे उलटे करून टिश्यू काढणारी ही बाई, तिला हे कसं कळलं नाही?

कळलं ते विमानतळावर. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं.

पुण्याला डॉक्टरांच्या भाच्याच्या मुलाची मुंज होती. तुमच्या आजोबांनी आणि मी त्या दोघांना सोडायला गाडी नेली होती. ते दोघं आत गेले आणि आम्ही बाहेर चहा घेत बसलो. चहा फार गरम होता म्हणून बसलो, आणि त्यामुळेच पुढचं बघायला मिळालं. थोड्या वेळाने डॉक्टर उलट्या पावली धावत बाहेर आले. एका हातात बेल्ट होता, दुसऱ्या हाताने पँट धरली होती, बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या.

आत काय झालं ते नंतर कळलं. ब्लेझर मशीनमधून गेला, पट्टा थांबला, आणि एक दणकट बाई हिरवं पिस्तूल दोन बोटांत धरून म्हणाली, "सर, हे तुमचं?"

"हो."

"लोडेड आहे?" तिने गंमतच केली असणार.

पण डॉक्टर विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणारे. "ऑफ कोर्स," ते म्हणाले. "पण नियमाच्या शंभर मिलीलीटरपेक्षा पुष्कळ कमी."

ती बाई हसली नाही. ते खेळणं एक तर कचऱ्याच्या पेटीत टाकायचं, नाहीतर बाहेर कोणाकडे तरी देऊन यायचं, असं तिने सांगितलं. विमानाची वेळ होत आली होती. डॉक्टरांनी क्षणभरही विचार केला नाही.

"वहिनी!" त्यांनी पिस्तूल माझ्या चहाशेजारी ठेवलं. "रोज सकाळी. उकळून गार केलेलं. शनिवारी व्हिनेगर. आणि कोरे बार, कोरे बार विसरू नका!" आणि पँट धरून परत धावत गेले. शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज जोडप्याने आपला केक उचलला आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसलं.

ते पुण्यात असेपर्यंत मी ते सगळं रोज केलं. एका सकाळी तुमच्या आजोबांनी मला नाइटीत, बाथरूमच्या आरशावर नेम धरताना पाहिलं. त्यांनी हळूच दार ओढून घेतलं.

परत आल्यावर कुंपणाशी आधी सुलभाताई आल्या. त्या रागावलेल्या असतील असं मला वाटलं होतं. पण त्या रागावलेल्या नव्हत्या.

"मालतीबाई, ते तुमच्याकडेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांना देऊ नका."

"अहो, त्यांचा जीव आहे त्यात."

"म्हणूनच." त्या कुंपणाचं एक पान खुडून त्याचे तुकडे करत राहिल्या. "त्यांना काळजी पिस्तुलाची. ते चालेल हो. मला काळजी पोरीची आहे. आता केवढी झाली ती. फोनवर काय बोलते? 'हाय आजोबा, फाइन आजोबा, बाय आजोबा.' सहा वर्षांची असताना काय बोलली होती ते तिला आठवत असेल? मी यांना म्हटलं, एकदा तिला विचारा तरी. तर म्हणतात, आठवण करून दिली तर तो अचानक हल्ला कसला? उद्या ती येईल, हे पिस्तूल काढून उभे राहतील, आणि ती म्हणेल, 'आजोबा, व्हॉट्स दॅट?' त्या वेळी मी त्यांच्याकडे कशी बघू, सांगा. त्यापेक्षा आधीच हरवलेलं बरं."

त्याच संध्याकाळी डॉक्टर आले, "रुग्ण कसा आहे?" म्हणून विचारलं, आणि मी पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. दोन्ही बाजूंना आपण दगा दिला असं वाटलं, आणि मी भांडी घासायला घेतली.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात रेवा आली. यात अचानक काही नव्हतं. येण्याची तारीख आधीच कळली होती. तिच्या आईने तिला एकटीला पुढे पाठवलं होतं, पाठोपाठ बाकीचे येणार होते. सुलभाताईंनी मला जेवायला बोलावलं. "तुम्ही या," एवढंच म्हणाल्या. का ते मला कळलं.

सकाळपासून डॉक्टर ब्लेझर घालून बसले होते. बाहेर लोक चड्डीवर फिरत होते इतकं ऊन होतं. मी गेले तेव्हा ते कानात म्हणाले, "सकाळी तपासलंय. पहिल्याच दाबाला पाणी." मध्येच सुलभाताईंनी तो ब्लेझर मागितला. "द्या इकडे. खांद्यावर कोंडा पडलाय. पोरगी काय म्हणेल?" डॉक्टर दचकले, पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्या ब्लेझर आत घेऊन गेल्या आणि ब्रश करून घेऊन आल्या. डॉक्टरांनी तो घालताना खिसा चाचपला. पिस्तूल होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या: वाचलो.

टॅक्सी आली. त्यातून एक लांबच लांब मुलगी उतरली. हुडी, गळ्यात हेडफोन. "हाय आजी. हाय आजोबा." वाकून दोघांना मिठी मारली. डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला.

जेवायला बसलो. अळूवडी होती, बटाट्याची भाजी होती, श्रीखंड होतं. "प्रवास कसा झाला?" "ओके." "शाळा?" "इट्स गुड." "श्रीखंड आवडतं ना अजून?" "हो, थोडा." मग तिने मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. डॉक्टर तिच्याकडे बघत होते, सुलभाताई डॉक्टरांकडे बघत होत्या, आणि मी अळूवडीकडे. डॉक्टरांनी दोनदा पाणी मागितलं. भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि ती तशीच ताटात ठेवली. ब्लेझरचं बटण त्यांनी लावलं. मला ते बघवेना.

जेवण झाल्यावर रेवा उठली. "आजोबा, गार्डन सेमच आहे? दाखवा ना."

दोघं बाहेर गेले. सुलभाताई सिंकपाशी गेल्या आणि मी त्यांच्या शेजारी फडकं घेऊन उभी राहिले. खिडकीतून सगळं दिसत होतं. दाण्यांच्या पिंजऱ्याला खार लटकलेली होती. वार बुधवार होता. डॉक्टर तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. रेवा मागे पडली. एक पाऊल, मग आणखी एक.

आणि डॉक्टरांच्या कानात पाण्याची धार बसली.

ते वळले. चष्म्यावरून पाणी गळत होतं. समोर रेवा दोन्ही पाय फाकून उभी होती आणि तिच्या हातात नारिंगी पिस्तूल होतं. कडेला चिकटपट्टीचे वेढे, मागे रबरबँड.

"आय टोल्ड यू, आजोबा! रेडी राहायचा सांगितला होता!"

मी सुलभाताईंचा हात धरला, का त्यांनी माझा धरला, ते सांगता येणार नाही. हात साबणाचे होते.

डॉक्टरांनी ब्लेझरमध्ये हात घातला. इतक्या वर्षांनी शत्रू समोर होता. त्यांनी पिस्तूल काढलं, एक डोळा मिटला, चाप ओढला.

काही नाही.

पुन्हा ओढला. काही नाही. रेवा खो-खो हसत होती. डॉक्टरांनी पिस्तुलाकडे पाहिलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याचा भाव नव्हता. त्यांनी कपाळाला आठी घातली होती, जशी ते यंत्राचा आवाज बदलला की घालत असणार. दोन बार कोरे गेले होते. म्हणजे सकाळनंतर यात कोणीतरी नवीन काहीतरी भरलं होतं.

त्यांनी तिसऱ्यांदा चाप ओढला. सरळ, बारीक, सुरेख धार निघाली आणि रेवाच्या नाकावर बसली.

तिने हाताने तोंड पुसलं, मग हात नाकाशी नेला, मग पुन्हा नेला. "आजोबा! हे काय आहे? लग्नासारखा वास येतोय!"

गुलाबपाणी होतं. आपल्याकडे दारी आलेल्या पाहुण्यांवर शिंपडतात ते. सुलभाताईंच्या देवघरात त्याची बाटली असायची.

डॉक्टर हळूहळू स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळले. केस कपाळाला चिकटलेले, टाय ओला, हातात हिरवं पिस्तूल. त्यांचा वॉटफर्डमधला हाच चेहरा मी जपून ठेवला आहे. सुलभाताई खाली मान घालून, मी नुकतंच पुसून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासत होत्या.

"सुलभा!" ते ओरडले. "भरल्यावर दोन कोरे बार उडवून ठेवायचे असतात!"

सुलभाताईंनी खिडकी आणखी उघडली.

"मग मला कधी सांगितलंत तुम्ही?"